थोरली, धाकटी आणि मधली

“पोट बघ,” तांडेलबाई म्हणाल्या.

मी माझ्या पोटाकडे बघितलं.

“तुझं नव्हे. पानाचं.”

जेवणाच्या टेबलावर, मीठ आणि लोणच्याच्या मधोमध, पांढऱ्या कागदावर दोन वाळकी पानं ठेवलेली होती. बाईंनी चिमट्याचं टोक पहिल्या पानाला लावलं, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये इतक्या बेतानं.

“हिचं पोट मधोमध. वर निमुळती, खाली देठाकडेही निमुळती. ही ग्लँडुलोसा. आता ही बघ. हिचं पोट खाली सुटलंय, बूड गोल, आणि शेंड्याला शेपटीसारखं लांब टोक. ही जापोनिका. कळला फरक?”

“कळला. एक लग्नाआधीची, एक लग्नानंतरची.”

“दोघी अविवाहित आहेत,” बाई म्हणाल्या. “पेन्सिल घे.”

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. माझं नाव कौस्तुभ निकुंभ. फोनवर हे नाव सांगितलं की समोरचा माणूस म्हणतो, आवाज घुमतोय. चित्रकलेची पदविका घेऊन मी सहा वर्षं लोणच्याच्या बाटल्यांवरच्या कैऱ्या काढल्या होत्या. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध तेवढाच. डॉ. प्रमिला तांडेल यांना त्यांच्या पुस्तकासाठी चित्रकार हवा होता, आणि त्यांना माझ्या कैरीचा देठ आवडला. कैरी नाही आवडली. देठ.

पुस्तक होतं डोंगरातल्या जुन्या बागांमधल्या फुलझुडपांवर. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि पुण्यातल्या त्यांच्या घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर, मी आठ महिने झुडपं काढत होतो. आता शेवटचं प्रकरण उरलं होतं, आलुबुखाराच्या, म्हणजे प्रूनसच्या, घराण्याचं. आलुबुखार मला त्याआधी फक्त बिर्याणीत भेटला होता. त्याला अशा देखण्या चुलत बहिणी असतील असं वाटलं नव्हतं.

दोघी छातीएवढ्या उंचीच्या. माहेर चीन-जपानकडचं. साहेबानं हौसेनं आणून आपल्या डोंगरी बंगल्यांभोवती लावल्या. मार्चमध्ये, अंगावर एक पान नसताना, दोघी काडीकाडीला गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून जातात, आणि तेव्हा त्या इतक्या सारख्या दिसतात की माळीसुद्धा चुकतो. खरा फरक पानात. पण पान मोठं होतं तोवर फुलं गळून गेलेली असतात. म्हणजे ओळख पटवायची तर एकाच झुडपाकडे दोनदा जावं लागतं. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला फुलांसाठी, एकदा पावसाळ्यात पानांसाठी. पहिल्या खेपेला झुडपाला नंबरचा पत्र्याचा बिल्ला बांधायचा, दुसऱ्या खेपेला तोच बिल्ला शोधायचा, आणि दोन्ही फांद्या दाबून, वाळवून एका जाड कागदावर शेजारी शेजारी डकवायच्या. त्या कागदाला शीट म्हणतात. घरात ग्लँडुलोसाला थोरली आणि जापोनिकाला धाकटी म्हणत.

“आणि ही मधली,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शीट नंबर ४१२ माझ्यापुढे सरकवली.

ती सरकवण्यावरूनच कळलं की ही लाडकी आहे.

“फूल बघ. थोरलीच्या फुलात मधला स्त्रीकेसर भोवतीच्या पुंकेसरांच्या किंचित वर डोकावतो. धाकटीच्या फुलात तो बाकीच्यांच्या बरोबरीनं उभा असतो. हिच्यात?”

मी भिंगातून बघितलं. “डोकावतोय.”

“म्हणजे फूल थोरलीचं. आता पान.”

पानाचं पोट खाली सुटलेलं, बूड गोल, शेपटी लांब.

“पान धाकटीचं,” मी म्हणालो.

“म्हणून मधली. संकर. एकोणीसशे शहात्तर. फुलं मी आणली, पानं तांडेलनी.”

“चहा,” असं म्हणत तांडेल स्वतः आत आले.

वामन तांडेल म्हणजे बाईंचे नवरे. मी त्यांना काका म्हणायचो. हर्णैचे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या होड्यांवरचे तांडेल, आणि यांना होडी लागायची. सोळाव्या वर्षी त्यांनी समुद्राच्या शक्य तितक्या लांब नोकरी करायची ठरवलं आणि बऱ्याच उचापतींनंतर हिमालयात झाडपाला गोळा करणाऱ्या खात्यात चिकटले. बाई तिथे शास्त्रज्ञ, हे त्यांचे फील्ड असिस्टंट. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, तरी ते बायकोला मॅडम म्हणायचे आणि बाई नवऱ्याला तांडेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं घरात अजून हजेरीपट आहे.

“मॅडम, साखर कमी घातलीय.”

“तांडेल, तुम्ही कोथिंबीर आणायला जाणार होता.”

“जातोच.”

दार लागल्याचा आवाज आला तशा बाई उठल्या, खिडकीतून काका फाटकाबाहेर पडल्याची खात्री करून घेतली, आणि फायलीतून टाइप केलेलं एक पान काढून माझ्यासमोर धरलं. वर ठळक अक्षरात होतं: प्रूनस × तांडेली.

“ही फुली काय?”

“संकराचं चिन्ह. वाचताना म्हणायची नाही.”

“म्हणजे पत्रिकेतल्या चि.सौ.कां.सारखी.”

“कौस्तुभ, पुस्तक सोमवारी छापायला जातंय. आज मंगळवार. मधलीचं चित्र रविवारपर्यंत हवं. आणि हे नाव तांडेलना पुस्तक हातात पडेपर्यंत कळता कामा नये.”

“सरप्राईज?”

बाईंनी पान परत फायलीत ठेवलं. “त्यांच्या नावावर या जगात एक गॅस कनेक्शन आहे. बाकी सगळं माझ्या नावावर. मधलीवर माझा निबंध आला, त्यावर डॉक्टरेट मिळाली, सत्कार झाले. भर पावसात दरडी ओलांडून पान आणलं कुणी? पाद्यपूजेसारखं खाली बारीक अक्षरात आभार, की झालं. आता होऊ दे त्यांच्याही नावावर काहीतरी. मरेपर्यंत टिकेल असं नाही, त्याच्याही पुढे टिकेल असं.”

बाई असं काही बोलतील याची मला सवय नव्हती. मी पेन्सिलीला टोक केलं. तिला टोक होतंच.

बुधवारी बाई ग्रंथालयात गेल्या आणि मी मधलीला बसलो. चित्रकाराची एक अडचण असते, ती शास्त्रज्ञाला कळत नाही. शीटवर दोन फांद्या शेजारी शेजारी डकवून चालतात. चित्रात बाईंना एकच झुडूप हवं होतं, एका बाजूला फुललेलं, दुसऱ्या बाजूला पानांवर आलेलं. म्हणजे दोन्ही फांद्या कुठेतरी जोडणं आलं. आणि त्या जुळेनात. फुलांची काडी आणि पानांची काडी एकमेकींशेजारी अशा बसत होत्या, जशी एसटीत अनोळखी माणसं बसतात.

शीटच्या कोपऱ्यात कागदाची एक चपटी पुडी डकवलेली असते. वाळताना फांदीवरून जे गळतं, ते फेकायचं नाही, पुडीत ठेवायचं. मी ती उघडली. पाकळ्या, धूळ, आणि नखाएवढं मिटलेलं एक पान. फुलांच्या फांदीच्या शेंड्याला एखादा डोळा चार दिवस आधी फुटलेला असणार, त्याचं. बाईंनीच शिकवलं होतं तसं मी बशीत कोमट पाणी घेतलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि पान पोहायला सोडलं. दहा मिनिटांत ते उलगडलं.

पोट मधोमध. खाली निमुळतं.

मी पट्टी लावून मोजलं. तीनदा. मग ते उलटं करून बघितलं. उलटं केलं तरी मधलं मधेच राहतं.

ते थोरलीचं पान होतं. फुलांची फांदी पुरती थोरलीची, फुलासकट, पानासकट. आणि शेजारची पानांची फांदी धाकटीची. संकर वगैरे काही नव्हतं. दोन वेगवेगळी झुडपं एका कागदावर डकवलेली होती.

“पुडीतलं?” मागून आवाज आला.

काका चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते बशीवर वाकले. चाळीस वर्षं झाडपाला हाताळलेला माणूस. त्याला पट्टी लागली नाही.

“काका, हे लहान आहे ना. मोठं झाल्यावर पोट खाली उतरत असेल.”

“माणसाचं उतरतं.” त्यांनी ट्रे खुर्चीवर ठेवला आणि स्वतः उभेच राहिले. “मॅडमनी बघितलं?”

“नाही.”

“मग ऐक. आणि ऐकून पोटात ठेव. तुझ्या.”

शहात्तरच्या मार्चमध्ये बाईंनी कुमाऊँमधल्या एका जुन्या बागेतून फुलं आणली आणि झुडपाला ४१२ नंबरचा बिल्ला बांधून ठेवला. ऑगस्टमध्ये पानांना जायचं, तर साहेबांनी कळवलं की पावसाळ्यात बाईमाणसाला डोंगरात पाठवण्याची तरतूद नाही. म्हणून काका गेले. दोन ठिकाणी रस्ता वाहून गेलेला. शेवटचे अकरा मैल चालत.

“बागेत पोचलो. एका रांगेत सतरा झुडपं, सगळी सारखी हिरवी. एकाला बिल्ला नाही.”

“पडला असेल.”

“४१२ सापडला. बकरीच्या गळ्यात होता.”

मी चहा खाली ठेवला.

“माळ्याच्या बकऱ्या. सगळ्यांच्या गळ्यात आमचे बिल्ले. मी त्याला म्हटलं, अरे, हे झाडांचे नंबर आहेत. तर म्हणतो, पेड कहाँ भागता है साब, बकरी भागती है.”

“मुद्द्याचं बोलला.”

“मलाही पटलं. पण आता करू काय? ४१२ कुठल्या झाडावरून काढलास म्हटलं, तर त्याला आठवेना. मग ती ४१२ नंबरची बकरी ज्या झुडपाला बांधलेली होती, त्याचीच फांदी मी कापली.”

“बकरीच्या भरवशावर.”

“दुसरं तिथं कुणी नव्हतं.” काकांनी बशीतलं पान बोटानं हळूच ढकललं. “येताना ठरवलं होतं, मॅडमना खरं सांगायचं. ओव्हरसियरपासून साहेबापर्यंत सगळ्यांची बोलणी खाल्ली होती, ही एक आणखी. ऑफिसात गेलो, उंबऱ्याशीच उभा राहिलो, सगळा ओला. फांदी दिली. मॅडमनी बघितली आणि हसल्या. कौस्तुभ, त्या ऑफिसात मॅडम हसल्याची नोंद नव्हती. म्हणाल्या, तांडेल, हे काहीतरी वेगळंच आणलंत तुम्ही, संकर आहे हा. बसा.”

“मग?”

“बसलो. नोकरीला लागल्यापासून मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. फील्ड असिस्टंट उभाच असतो. आता बसलेला माणूस बकरीचं कसं काढणार?”

पुढच्या डिसेंबरात लग्न झालं. त्याआधी बाईंचा निबंध छापून आला होता. बाग विकली गेली, झुडपं उपटून तिथे सफरचंदं लावली, आणि जगात मधलीचा पुरावा म्हणून ही एक शीट तेवढी राहिली.

“मी पुष्कळदा सांगणार होतो,” काका म्हणाले. “पण मॅडम त्या पानावर एवढ्या खूश. सगळं त्या पानामुळे. पान खोटं म्हटलं तर मग त्या ‘बसा’चं काय? म्हणून म्हणतो, राहू दे. पुस्तकातलं एक पान आहे. कोण बघतंय.”

एकीचं गुपित नवऱ्याला सांगायचं नाही, दुसऱ्याचं बायकोला सांगायचं नाही, आणि दोघांच्या मधे जेवायला मी. गुरुवारी मी बाईंकडे खडा टाकून बघितला.

“बाई, काकांचं नाव एखाद्या गवताला दिलं तर?”

“गवताला?”

“मोठं कुटुंब असतं. उठबस राहते.”

बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “ताप नाही. मधलीचं कुठवर आलं?”

“जुळत नाहीये अजून.”

“जुळव. तुला दोन फांद्या जोडता येत नाहीत? कैऱ्या काढत होतास ना झुपक्यानं.”

शुक्रवारी काका गॅलरीत मटार सोलत बसले होते. मी त्यांच्याशेजारी पाटावर बसलो, चार शेंगांची टरफलं टोपलीत आणि दाणे कचऱ्यात टाकले, आणि सांगून टाकलं. नाव, फुली, सोमवार, गॅस कनेक्शन, सगळं.

काकांचे हात थांबले.

“माझं नाव?”

“प्रूनस तांडेली.”

ते हसतील असं क्षणभर वाटलं. त्यांनी नाव ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. मग रंग उतरला.

“कौस्तुभ, नुसता निबंध असता तर खपून गेलं. खपलंच इतकी वर्षं. पण नाव दिलं की जगभरातून माणसं ती शीट मागवतात. कधीही न भेटलेली माणसं. भिंगं लावतात. पहिला हात कुठे घालतील सांग?”

“पुडीत.”

“आठवड्याच्या आत कोणीतरी पान भिजवेल. आणि हसतील ते मला नाही हसणार. मॅडमना हसतील. म्हणतील, साठ वर्षांच्या बाईला दोन झुडपं ओळखता आली नाहीत.” त्यांनी टोपली बाजूला ठेवली. “आणि तेही माझ्या नावाच्या खाली.”

“मग बोला त्यांच्याशी.”

“तोंडी नाही जमायचं. मी तोंडी कधी काही कळवलेलंच नाही. चूक झाली की खुलासा लेखी.”

शनिवारी सकाळी काकांनी आखलेला कागद घेतला, समास सोडला आणि खुलासा लिहिला. मी शुद्धलेखनाला होतो. आजही मला तो पाठ आहे.

“प्रति, मा. डॉ. सौ. प्रमिला तांडेल यांस. विषय: शीट क्र. ४१२ वरील पानांबाबतचा खुलासा सादर करण्यास झालेला विलंब (३३ वर्षे). महोदया, वरील विषयास अनुसरून सादर करतो की, ऑगस्ट १९७६ मध्ये आपल्या आदेशाप्रमाणे मी सदर बागेत गेलो असता बिल्ला क्र. ४१२ हा एका बकरीच्या गळ्यात आढळून आला. सदर बकरी ज्या झुडपास बांधलेली होती त्याच झुडपाची फांदी मी घेतली. बकरी तेथे स्वतःहून आली की आणून बांधली, याची चौकशी केली नाही, ही माझी चूक आहे. परत आल्यावर आपण आनंदित झाल्यामुळे त्याच वेळी निवेदन करता आले नाही. त्यानंतर योग्य वेळ आली नाही. पुडीतील पान सोबत बशीत सादर केले आहे. तरी सदर झुडपास माझे नाव देऊ नये, ही विनंती.”

“आता खाली उजवीकडे, आपला विश्वासू,” मी म्हणालो.

काकांनी “आपला” लिहिलं. पेन थांबलं.

“पुढचं लिहू का?”

“पद्धत आहे, काका.”

“पद्धत आहे खरी.” त्यांनी विचार केला. मग पुढे काही न लिहिता सही केली. आपला, वा. का. तांडेल, फील्ड असिस्टंट (निवृत्त).

कागद बाईंच्या ताटाशेजारी ठेवला, त्यावर बशी. बाई आंघोळ करून आल्या, बसल्या, चष्मा लावला. वाचला. मग भिंग घेऊन पुन्हा वाचला. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

“बकरी कुठल्या रंगाची?” बाईंनी विचारलं.

“काळी. एक कान पांढरा.”

“खुलाशात नाही ते.”

“राहून गेलं, मॅडम.”

बाईंनी बशी जवळ ओढली. दहा मिनिटं त्या पानावर भिंग धरून होत्या. मग शीट ४१२ उचलून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

दुपारी त्या जेवायला आल्या.

“कौस्तुभ, तांडेलना विचार, आमटीत हिंग घातलाय का.”

तांडेल त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर होते.

“काका, हिंग.”

“मॅडमना सांग, घातलाय.”

“घातलाय, बाई.”

“त्यांना म्हणावं, जास्त झालाय.”

मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी दोन्ही बाजूंचे एकोणीस निरोप पोचवले. एकदा काकांना शिंक आली, तर ती कळवायची की नाही यावर मी अडखळलो.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा काका दूध आणायला बाहेर पडले होते. बाई टेबलाशी होत्या. मुद्रकाला फोन करून झाला होता. पुस्तक दोन महिने लांबलं. मधलीचं प्रकरण फाडून झालं होतं. प्रूनस × तांडेली हे पान त्यांनी चार घड्या घालून पेल्याखाली ठेवलं होतं, बहुधा टेबल ओलं होऊ नये म्हणून.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुला कधी कळलं?”

“बुधवारी. पुडी उघडली तेव्हा.”

“आठ महिन्यांत तू हे शिकलास. कैऱ्या काढणारा.” आवाजात राग नव्हता, मोजमाप होतं.

आता मला विचारावंसं वाटत होतं ते मी विचारलं. “बाई, तुम्ही मला आल्या दिवशी सांगितलंत, आधी पुडी, मग मत. लोणच्यात पडलेलं पान दिसलं तरी तुम्ही भिजवून बघता. मग त्या दिवशी का नाही बघितलंत?”

बाई शीटकडे बघत राहिल्या.

“घाई होती.”

“कसली?”

“तांडेल चालले होते.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “दारात उभे होते. अंगावरचं पाणी फरशीवर गळत होतं. अकरा मैल चालून आलेला माणूस, फांदी दिली आणि निघाला. त्याआधी तीन वर्षं असंच. आणायचं, द्यायचं, जायचं. त्या ऑफिसात फील्ड असिस्टंटला बसा म्हणायचं तर काहीतरी कारण लागायचं. मोठं कारण. म्हणून मी पानात बघितलं, आणि पहिलं जे दिसलं ते बोलले.”

“संकर आहे.”

“संकर आहे, बसा.” बाईंनी चष्मा परत लावला. “एकदा बोलल्यावर मग ते सिद्ध करणं आलं. केलं सिद्ध. मी तर शपथेवर सांगितलं असतं की मी त्या दिवशी पान बघत होते.”

जिन्यात पावलं वाजली. बाईंनी काकांचा खुलासा पुढे ओढला, लाल पेन घेतलं आणि समासात तिरकं तिरकं काहीतरी लिहायला लागल्या. ऑफिसात याला शेरा म्हणतात. वरिष्ठ बोलत नाहीत, शेरा मारतात.

काका आत आले. दुधाची पिशवी हातात, खुर्चीच्या पाठीशी उभे. बाईंनी कागद फिरवून त्यांच्याकडे केला. काकांनी चष्मा चाचपला, तो घरातच कुठेतरी राहिला होता, तेव्हा मला वाचावं लागलं.

“एक. खुलासा मान्य. विलंबाची कारणे दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने कारवाई नाही.”

काकांनी बाईंकडे बघितलं. बाई मिठाच्या बाटलीकडे बघत होत्या.

“दोन. फुलांच्या फांदीस अ व पानांच्या फांदीस ब अशी खूण करावी. अ: ग्लँडुलोसा, आणणार प्रमिला. ब: जापोनिका, आणणार वामन. जाती वेगळ्या असल्या तरी शीट फोडू नये. दोन्ही फांद्या आहेत तशाच एकत्र ठेवाव्यात.”

“ठेवतो,” काका म्हणाले. दुधाची पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तीन,” मी वाचलं. “समारोप अपूर्ण आहे. ‘आपला’च्या पुढचा शब्द राहिला आहे. पूर्ण करून पुन्हा सादर करावा.”

मी माझं चित्राचं पेन काकांच्या पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, कागदावर वाकले, आणि डावा हात टेबलावर टेकून उभ्या उभ्याच लिहायला लागले.

“बसा ना,” बाई म्हणाल्या.

काका बसले. दूध मांडीवर घेऊन, चष्म्याशिवाय, अंदाजानं, एकेक अक्षर जोडत त्यांनी तो शब्द लिहिला. बाई शेजारी सरकून कागदावर वाकल्या. भिंग हाताशी असून त्यांनी घेतलं नाही.

“सू दीर्घ आहे, तांडेल,” त्या म्हणाल्या.